‘नमुना मिळाला नाही’ हा रकाना नीट वाचा

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल. त्यात ‘प्रत्येक सहभागीचे ५ मिली रक्त शिरेतून घेतले जाईल, नमुना न मिळाल्यास वगळले जाईल’ असं वाक्य असेल तर जरा थांबा. माझा विषय सुईने नशा करणाऱ्यांमधला हिपॅटायटिस सी, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य होतं. आज त्याचीच चिरफाड करू.

ते खटकलं आंधळगावात, सुट्टीत. शेजारच्या काकूंना सिकलसेल आहे. सारखं भरती होऊन शिरा राहिल्या नाहीत. हात पुढे करतानाच त्या सांगतात, “बाबू, डावा राहू दे, उजव्या मनगटापाशी भेटते.” एकदा कुणी ऐकलं नाही, चार वेळा टोचलं. काकू उठून घरी आल्या. रजिस्टरमध्ये बहुधा ‘नकार’ लिहिलं गेलं असेल.

सुईने नशा करणाऱ्यांचं याहून अवघड. रोज तीच शीर टोचली की ती कडक होते, आत गुठळी धरते, बुजते. त्यात आधीच्या दवाखान्यात ऐकलेले टोमणे असतातच.

आता गणित बघा. आकडे काल्पनिक आहेत. १०० जणांपैकी ८० जणांचं रक्त मिळालं, त्यात ८ बाधित. तुम्ही लिहिणार १० टक्के. पण उरलेले २० कोण? बहुतेक जास्त वर्षं टोचून घेणारे, म्हणजे धोकाही जास्त. त्यांच्यात ८ बाधित असतील तर खरा आकडा १६ टक्के. वगळलेली माणसं योगायोगाने वगळली जात नाहीत, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे.

दुसरी वाट आपल्याच देशात आहे. नॅकोच्या २०१४-१५ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर वाळवून घेतले. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ९.९ टक्के निघालं. २०१५ च्या अंदाजानुसार देशातल्या प्रौढांमध्ये ते ०.२६ टक्के होतं. अर्थात सर्वेक्षण ज्यांच्यापर्यंत पोचलं, त्यांचाच हा आकडा.

पण वाळलेला थेंब म्हणजे रामबाण नव्हे. प्रतिपिंडं शोधायला तो चांगला, मात्र रक्त थोडं असल्याने विषाणू अगदी कमी असेल तर निसटू शकतो. यकृताच्या नेहमीच्या तपासण्यांना शिरेतलंच रक्त लागतं. म्हणून दोन्ही वाटा आराखड्यात हव्यात.

शिरेतून घ्यायचंच असेल, तर आधी विचारा, “कुठली शीर लागते?” हे त्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं. हात ऊबदार ठेवा, थोडा वेळ खाली सोडायला सांगा, बारीक फुलपाखरू सुई वापरा. शीर दिसत नसेल तर बोटांनी चाचपा. (आंधळगावच्या माणसाने हे सांगावं, हा निव्वळ योगायोग!) दोनदा जमलं नाही तर थांबा, अनुभवी हाताला बोलवा. किती वेळा टोचणार, हे संमतिपत्रात लिहा.

आणि तो एक रकाना मोडून तीन करा: नकार दिला, प्रयत्न फसला, प्रयत्नच केला नाही. पहिला सहभागीचा निर्णय. उरलेले दोन आपल्या खात्यावरचे, आणि प्रबंधात त्यांचा हिशेब आपणच द्यायचा आहे.