घड्याळजीचें चरित्र

आपल्या चरित्रवाङ्मयाला एक जुनी खोड आहे. ज्याच्या हातून एखादी संस्था उभी राहिली, ज्यानें तुरुंगवास भोगला किंवा ग्रंथ लिहिले, त्याचेंच आयुष्य लिहिण्याजोगें असें तें मानतें. यवतमाळसारख्या शहरांत पन्नास-साठ वर्षें एकाच दुकानांत घड्याळें दुरुस्त करणाऱ्या, मुलांचीं शिक्षणें व लग्नें पार पाडून नातवंडें पाहिलेल्या घड्याळजीच्या वाट्याला येते ती फार तर घरच्यांनीं वर्षश्राद्धाला छापलेली स्मरणपुस्तिका. 'कष्टाळू', 'निगर्वी', 'कुटुंबवत्सल' हीं तिच्यांतील विशेषणें खरीं असतात. पण तीं शेजारच्या शिंप्यालाहि तितकींच लागू पडतात. विशेषणांनीं माणूस ओळखतां येत नाहीं, ही अशा पुस्तिकांची मुख्य उणीव होय.

कोणी म्हणेल, त्याच्या आयुष्यांत सांगण्यासारखें घडलेंच काय? वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केला. हे भटजीहि सामान्यच. पण १८५७-५८च्या धामधुमींत ते झाशीला सांपडले. इंग्लंडांतील जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा. समुद्रावर रेखांश ठरविण्यास उपयोगी पडणारें घड्याळ त्यानें केलें नसतें, तर त्यालाहि चरित्रकार लाभते ना. आक्षेप सबळ दिसतो खरा. परंतु लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नीं (१९३४-३७) त्याला उत्तर दिलेलें आहे. धर्मांतरासारखी मोठी घटना त्यांत आहेच. पण ती आपल्या मनाला भिडते ती चूल, सोंवळें व नवराबायकोचे रुसवे यांच्या बारीक तपशिलांतून.

घड्याळजीच्या चरित्रकारानेंहि हाच मार्ग धरावा. डोळ्याला भिंग लावून तो काय पाहतो, हें आधीं दाखवावें. किल्लीच्या जुन्या मनगटी घड्याळांतील डोलतें चाक साधारणतः सेकंदाला पांच हेलकावे घेतें; म्हणजे दिवसाला ४,३२,०००. रोज एक मिनिट मागें पडणारें घड्याळ गिऱ्हाईक परत आणतें. वस्तुतः ती चूक १,४४० मिनिटांत एका मिनिटाची असते. इतक्या सूक्ष्म मापानें जन्मभर काम करणाऱ्याच्या स्वभावावर त्याचा काय परिणाम झाला? घरांतल्यांना ती शिस्त जाचली, कीं तिचा आधार वाटला? कुटुंबवत्सलतेचा खरा शोध येथून सुरू होतो.

शिवाय त्या आयुष्यांत घटना नव्हती, हेंहि खरें नाहीं. १९६९ सालीं जपानांत क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस आलें. पुढें तशीं घड्याळें स्वस्त झालीं आणि दुकानांत मुख्यतः सेल बदलण्याचें काम उरलें. एच. एम. टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालीं मान्यता दिली. ज्या कसबावर संसार उभा राहिला, तें कसब धन्याच्या हयातींतच निरुपयोगी ठरलें. तरीहि तो रोज दुकान उघडीत राहिला, तो पोटासाठीं कीं अभिमानासाठीं? आपली जागा त्यानें मुलाला कां दिली, किंवा कां दिली नाहीं? या प्रश्नांचीं उत्तरें सांगूं शकणारीं माणसें अजून घराघरांत आहेत. तीं फार दिवस असणार नाहींत.

म्हणून पुस्तिका छापणाऱ्या मुलांनीं चार विशेषणें गाळावींत आणि एवढेंच लिहावें: वडिलांनीं भिंग कोणत्या दिवशीं कायमचें खालीं ठेवलें, आणि त्या दिवशीं घरांत कोण काय बोललें.