नक्कल करणारा विद्यार्थी : एक संशयास्पद वर्ग

माध्यमिक शाळांतील परीक्षांत नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्व व त्यांची कौटुंबिक पार्श्वभूमी यांवरील अभ्यासांची रीत बहुधा ठरलेली असते. विद्यार्थ्यांस प्रश्नावली द्यावयाची, उत्तरांवरून 'नक्कल करणारे' व 'न करणारे' असे दोन गट पाडावयाचे, आणि चिंताप्रवणता, बहिर्मुखता, पालकांचे शिक्षण, उत्पन्न या बाबतींत ते कोठे भिन्न आहेत ते पाहावयाचे. नक्कल ही कृती नसून माणसाचा एक प्रकार आहे, हे गृहीत मोजणीस आरंभ होण्यापूर्वीच त्यात शिरलेले असते.

या गृहीताची कसून परीक्षा १९२८ सालीच झाली आहे. हार्टशोर्न व मे या अमेरिकन संशोधकांनी 'स्टडीज इन डिसीट' या ग्रंथात सुमारे ११,००० मुलांची पाहणी मांडली. मुलांच्या उत्तरपत्रिकांची गुपचूप नोंद करून घ्यावयाची आणि मग उत्तरांची यादी हाती देऊन त्यांनाच गुण द्यावयास सांगावयाचे, ही त्यांची एक युक्ती. (फसवणूक मोजण्यास फसवणूकच योजावी लागली, हा विनोद बाजूस ठेवू.) एका कसोटीत लबाडी करणारा मुलगा दुसरीत सचोटीने वागताना आढळला, कसोट्यांमधील सहसंबंध सरासरीने ०·२३ एवढाच भरला. बर्टन यांनी १९६३ मध्ये केलेल्या फेरविश्लेषणात सचोटीचा एक सामान्य घटक दिसला खरा, परंतु तो माफकच.

सुस्थितीतील घरांतली मुले कमी लबाडी करतात, असेही त्या पाहणीत आढळले होते. आपल्याकडे उद्धृत करण्यास हे वाक्य फार सोयीचे आहे. गरीब घरच्या मुलावर संशय घेण्यास त्याने शास्त्राचा आधार मिळतो. परंतु एकाच वर्गातील मुलांचे वर्तन परस्परांसारखे असते, हा त्याच ग्रंथातील निष्कर्ष सोबत वाचला पाहिजे. पार्श्वभूमी म्हणजे केवळ घर नव्हे.

भाषेचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. 'अमक्या केंद्रावर कॉपी चालते' असे आपण म्हणतो. या वाक्यात कर्ता विद्यार्थी नाही, स्थळ मात्र आहे. वृत्तपत्रांतील 'कॉपीबहाद्दर' हा शब्द नेमके उलटे करतो: एका दिवसाच्या कृतीचे तो कायमच्या स्वभावात रूपांतर करतो. आमच्या प्रश्नावल्या पहिला प्रयोग सोडून दुसऱ्याच्या मागे गेल्या आहेत. शिवाय 'तुम्ही कधी कॉपी केली आहे काय?' या प्रश्नास, शेजाऱ्यास आपला पेपर दाखविणारा मुलगा निःशंकपणे 'नाही' म्हणेल, आणि ते खोटेही नसेल. विद्यार्थ्यांच्या बोलीत ते 'दाखवणे' होय, 'कॉपी करणे' नव्हे. बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक अशा रीतीने प्रामाणिकांच्या गटात जातो, दुसरा अपराध्यांच्या, आणि मग त्या दोघांच्या व्यक्तिमत्त्वांतील भेद दशांश चिन्हापर्यंत मोजला जातो.