दोन थेंब आणि प्रजननाच्या अफवा

देशात 1995 साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. त्यानंतर अनेक शहरांतील दाट वस्त्यांत एक बोलवा पसरली. हे थेंब पाजले की मुलगा मोठेपणी नपुंसक होतो आणि मुलीला मूल होत नाही, असे लोक सांगू लागले. यंत्रमागांच्या मालेगावातील काही मोहल्लेही त्यातून सुटले नाहीत. 2021 मध्ये कोविडची लस आली तेव्हा तीच बोलवा नव्या लसीला चिकटली. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यात मालेगावचे लसीकरण मागे राहिले. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई, भिवंडीबरोबर मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला. या सर्वांमागे केवळ अफवाच होती असे नाही. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते, हेही एक कारण आहे. पण अफवेची किंमत लहान मुले मोजतात, हे मात्र खरे.

'लोक अडाणी आहेत' असे म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने तसे करू नये. दावा आधी नीट मांडावा आणि मग तपासावा.

मांडायला गेलो की पहिलाच घोटाळा लक्षात येतो. हा दावा एक नसून दोन आहेत. नपुंसकत्व म्हणजे संभोगाची असमर्थता. तिचा संबंध रक्तवाहिन्या, मज्जातंतू, संप्रेरके आणि मन यांच्याशी आहे. वंध्यत्व म्हणजे मूल न होणे. त्याचा संबंध शुक्रजंतू, बीजांड आणि बीजवाहक नलिका यांच्याशी आहे. वृत्तपत्रे आणि पुढारी हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पोलिओच्या थेंबांतील दुबळा केलेला विषाणू आतड्यातील पेशींत वाढतो, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि काही आठवड्यांत तो विष्ठेवाटे निघून जातो. यातील कोणती पायरी शुक्रजंतूंना किंवा बीजांडांना बाधते, हे अफवा कधीच सांगत नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. नायजेरियातील कानो प्रांताने 2003 मध्ये पोलिओ लसीकरण थांबवले. लसीत वंध्यत्व आणणारी द्रव्ये आहेत, असा आरोप होता आणि काही चाचण्यांत स्त्री-संप्रेरकाचा अंश आढळल्याचे सांगितले गेले. येथे विचारायचे ते 'आढळले का?' एवढेच नाही, तर 'किती आढळले?' हेही. लसीचा डोस जेमतेम 0.1 मिलिलिटर असतो. स्त्री-संप्रेरक तर आपल्या प्रत्येकाच्या, अगदी पुरुषांच्याही, रक्तात असते. 2004 मध्ये लसीकरण पुन्हा सुरू झाले. तोवर तेथला विषाणू इतर अनेक देशांत पोहोचला होता.

तिसरा प्रश्न तुलनेचा, आणि येथे एखादा हुशार अफवाखोर आपल्याला अडचणीत आणू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.9 मुले होती. 2019-21 मध्ये हा आकडा 1.7 वर आला. 'पाहा, लस आली आणि मुले घटली!' असे कोणी म्हणेल. याला उत्तर केरळात सापडते. तेथे हा आकडा 1992-93 मध्येच 2.0 होता, म्हणजे पल्स पोलिओच्याही आधी. त्या माता तर पोलिओची लस राष्ट्रीय कार्यक्रमात येण्यापूर्वी जन्मलेल्या. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, गर्भनिरोधके हाती आली, म्हणून मुले कमी झाली. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूच्या दाव्यालाही लावली पाहिजे. मुसलमानांची मुले थांबतच नाहीत आणि लवकरच ते बहुसंख्य होतील, असे निवडणुकीच्या सभांतून सांगितले जाते. 1992-93 ते 2019-21 या काळात देशातील मुस्लिम स्त्रियांमागील मुलांचे प्रमाण 4.4 वरून 2.4 वर आले, तर हिंदू स्त्रियांमागील 3.3 वरून 1.9 वर. दोन्ही घटले आणि त्यांतील अंतर 1.1 वरून 0.5 वर आले. गंमत अशी, की एक अफवा म्हणते यांची मुले बंद केली जात आहेत आणि दुसरी म्हणते यांची मुले थांबत नाहीत. आकड्यांकडे दोघीही पाहत नाहीत.

आता सरकारी प्रचाराकडे वळू. कमी लसीकरण झालेल्या मुस्लिमबहुल भागांत अभिनेता सलमान खान आणि धर्मगुरू यांची मदत घेऊ, असे राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये सांगितले. यात सांगणारा बदलला, पण शंकेचे उत्तर मिळाले नाही. 'लसीचा काडीचाही अपाय नाही' हा प्रचारही पूर्ण खरा नव्हता. थेंबांच्या पहिल्या डोसनंतर साधारण 27 लाखांत एका बालकाला लसीमुळेच पक्षाघात होऊ शकतो. हे माहीत असल्यानेच 2015 पासून देशात टोचायची निष्क्रिय लसही सुरू झाली. धोका अत्यंत कमी आहे आणि लाभ प्रचंड. 13 जानेवारी 2011 नंतर देशात रानटी विषाणूचा एकही रुग्ण आढळलेला नाही. हे सारे जसेच्या तसे सांगितले असते तरी लोकांना कळले असते.

अविश्वासालाही इतिहास आहे. आणीबाणीत, 1976-77 या एकाच वर्षात देशात 82 लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. सरकारी माणूस दारात आला की मूल होण्या-न होण्याची शंका मनात का येते, हे यावरून समजते. समजणे म्हणजे मान्य करणे नव्हे.

यात शाळेचा वाटा कोणता? प्रजननसंस्थेचा धडा अनेक वर्गांत 'घरी वाचा' म्हणून उरकला जातो. मग मुलांना हे शब्द भेटतात ते भिंतीवरच्या 'मर्दानी ताकद' वाढवणाऱ्या जाहिरातींत. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या दिसतातच. ज्याला वंध्यत्व आणि नपुंसकत्व यांतला फरक कोणी शिकवला नाही, तो उद्या बाप होऊन लसीला नकार देईल तेव्हा दोष एकट्या त्याचा नसेल. यंदा तो धडा वर्गात शिकवावा. एखादे कात्रण आणून मुलांना तीनच प्रश्न विचारायला लावावे: हे कसे घडते? किती मोजले? कोणाशी तुलना केली?