अंगात येतं आमच्या, ग्रंथ होतो त्यांचा



गुंथर सोंथायमर हा जर्मन माणूस. मूळचा कायद्याचा अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्याचा ग्रंथ आहे. हायडेलबर्गला शिकवायचा, १९९२ ला वारला. पण या बाबानं पोथ्या बाजूला ठेवल्या आणि धनगरांच्या मागं माळरान तुडवलं. ओव्या टेपवर घेतल्या. देवऋषी घुमताना बघितला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १९७६ ला जर्मनीत निघाला. अॅन फेल्डहाउस बाईंनी तो इंग्रजीत आणला, १९८९ साली. जिनिंगची पाळी संपवून डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तो वाचला. आपल्या कंधारजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची एवढी मोठी जत्रा भरते, वाघ्या-मुरळी नाचतात, घोडे-गाढवं विकतात; आणि त्या देवाची उलटतपासणी घ्यायला माणूस यावा लागला जर्मनीतून! असो.

अंगात येणाऱ्याला जगातले पंडित 'शामन' म्हणतात. शब्द सैबेरियाच्या तुंगुस लोकांचा. मिर्चा एलियाडनं १९५१ ला त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि मग जो तो शामन शोधत सुटला. एलियाडचा शामन स्वतः उठून देवलोकात जातो. आपल्याकडं उलटं आहे. इथं माणूस कुठं जात नाही, देवच त्याच्या अंगात येऊन बसतो. (हा शब्द 'श्रमण' वरून आला असंही काही जण म्हणतात. सगळ्यांना मान्य नाही. पण बुद्धाच्या भिक्खूचा शब्द फिरत फिरत घुमणाऱ्याच्या डोक्यावर बसला असेल तर गंमतच म्हणायची.)

सोंथायमरचं मोठेपण मी नाकारत नाही. आपल्याकडचे पंडित लोकदेवाला 'शिवाचा अवतार' म्हणून मोकळे होतात. यानं दाखवलं की देव आधी मेंढपाळांचा, माळावरचा. ब्राह्मणाचं माहात्म्य नंतर येऊन त्याला चिकटलं. अडाणी धनगराची ओवी त्यानं संस्कृत पोथीच्या बरोबरीनं पुरावा म्हणून मांडली. हे हत्यार आपल्या कामाचं आहे. ते टाकून देऊ नका.

पण पुढं तो हिंदू धर्माचे पाच घटक सांगतो: ब्राह्मणांची शिकवण, संन्यास, आदिवासींचा धर्म, लोकधर्म, भक्ती. पाचही एकमेकांत मिसळतात, देवघेव करतात, म्हणे. वाड्याच्या एका चौकात पाच खोल्या. छान! पण बाबा, वेशीबाहेर जो राहतो त्याची खोली कोणती? 'लोक' म्हटलं की पाटीलही लोक आणि पाटलाच्या दारात पोतराज होऊन नाचणारा मांगाचा पोरगाही लोक. देवघेव तर आहेच. आम्ही रक्त देतो, ते पसाभर जवारी देतात.

जॉन स्टॅन्ली हा अमेरिकन. त्याचा १९८८ चा निबंध पुण्याकडच्या अंगात येण्यावर आहे. देव अंगात येणं वेगळं आणि भूतबाधा वेगळी, ही लोकांचीच वाटणी तो नीट समजावून सांगतो. मला मात्र विचारावं वाटतं की ही वाटणी कोण करतं? आमच्याकडं मी बघत आलोय. मोठ्या घरची बाई घुमली की ओटी भरतात. आमची घुमली की लिंबू कापतात, केस धरून मारतात. थरथर एकच. नाव ठेवणारा वेगळा.

आणि एक. पोतराजाचा कोरडा या अभ्यासात प्रतीक होतो, विधी होतो. अरे, तो कोरडा पाठीवर पडतो! कातडं सोलतं. नवसाला सोडलेल्या पोराचे केस कापत नाहीत, ते पोरगं शाळेत कसं बसणार?

९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. शास्त्र हेच, या पंडितांचंच. पण ज्याला तपासायचं तोच तपासायला उभा राहिला. जाती शेजारीशेजारी नांदत नाहीत, एकीनं दार लावलं की बाकीच्या बाहेर पडतात, हे त्यांनी लग्नाच्या बंदीवरून दाखवलं. सोंथायमरच्या पाच खोल्यांना मी हीच फूटपट्टी लावतो. दारं कुणी लावली?

या संशोधनाचा दबदबा अजून आहे. सोंथायमरनं टेपवर घेतलेल्या दोन धनगरी कथा २०१४ ला इंग्रजीत आल्या. फेल्डहाउस बाईंच्या जोडीला रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांची नावं आहेत. हे बरं झालं. पण वाचणार कोण? ज्या तांड्यावर, वाड्यावर ते गायलं गेलं तिथं तो ग्रंथ पोचत नाही.

आपले काही कार्यकर्ते म्हणतील, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, आता ह्या देवऋष्याफिवऋष्याचं काय घेऊन बसलाय? १९५६ ला आपल्या बापजाद्यांनी देव नदीत सोडले, खरं आहे. पण शेजारच्या मांगवाड्यात मरीआईचा गाडा अजून फिरतो. त्याला हसून तो थांबत नाही.

यंदा माळेगावला पत्रकं वाटायला जाल तेव्हा एक वही सोबत घ्या. पोतराजाशेजारी बसा. कोरडा हातात कोणी दिला, कितव्या वर्षी दिला, दिवसाचे किती सुटतात, पोराचं नाव शाळेत आहे का, हे विचारा. बायकोच्या डोक्यावर देव्हारा असतो, तिलाही विचारा. तिला कोणी विचारत नाही. तो सांगेल तसंच, त्याच्या बोलीत लिहा. शुद्धलेखन मग बघू. पुढच्या अंकाला पानं रिकामी ठेवलीत.