बोर्नमथमधलं एक वाक्य

राजकीय भाषणात टॅक्सीला काय काम? पण १ ऑक्टोबर १९८५ रोजी, मंगळवारी, बोर्नमथच्या सभागृहात मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांनी ज्या वाक्यात टॅक्सी आणली, ते वाक्य मी कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. कुठे टाळ्या पडतात, कुठे हुर्यो सुरू होते, कुठे किनॉक श्वास घेतात, हे सगळं आता पाठ झालंय. तरीही टॅक्सी जवळ आली की अंगावर काटा येतो. असं का होतं, ते एकदा नीट मांडून बघावं म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. ब्रिटनमधले पक्ष आपली वार्षिक अधिवेशनं वर्षानुवर्षं समुद्रकाठच्या गावांत भरवत आले: ब्लॅकपूल, ब्रायटन, बोर्नमथ, स्कारबरो. सप्टेंबर संपता संपता सुट्टीचा हंगाम उतरलेला असतो, हॉटेलं रिकामी असतात, हवेत गारवा असतो. हुजूर पक्षाच्या अधिवेशनातले ठराव नेत्याला बांधून ठेवत नसत. मजूर पक्षाचं मात्र तसं नव्हतं. तिथे अधिवेशन हीच पक्षाची सर्वोच्च संस्था मानलेली. शाखांकडून आणि कामगार संघटनांकडून ठराव येत, सारखे ठराव एकत्र करून एक केला जाई, मग चर्चा आणि मग मतदान. त्या मतदानात संघटनांची गठ्ठा मतं होती. एकाच माणसाने हातातलं कार्ड वर केलं की दहा लाखांच्या वर सभासदांचं मत पडलं. वाहतूक कामगारांच्या संघटनेचं बळ एवढं होतं. त्यामुळे व्यासपीठावरच्या नेत्याला समोरच्या गर्दीत आपले मालकही बसलेले दिसत आणि आपले वैरीही.

असल्या सभेत बोलणं ही वेगळीच कला आहे. संसदेत शत्रू समोरच्या बाकावर असतो आणि आपली माणसं पाठीशी असतात. प्रचारसभेत शत्रू हजरच नसतो. अधिवेशनात मात्र ज्याच्याबद्दल बोलायचं तो दहा-पंधरा रांगा सोडून बसलेला असतो, त्याच्या खिशात आपल्याच पक्षाचं कार्ड असतं, आणि आपलं वाक्य संपायच्या आत तो उठून उत्तर देऊ शकतो.

बोर्नमथला असा माणूस होता डेरेक हॅटन, लिव्हरपूल महापालिकेचा उपनेता. १९८३ साली ती महापालिका मजूर पक्षाकडे आली होती, पण कारभारावर पकड होती ‘मिलिटंट’ नावाचं साप्ताहिक चालवणाऱ्या ट्रॉट्स्कीवादी गटाची. हा गट पक्षाच्या आत राहून पक्ष ताब्यात घेऊ पाहत होता. थॅचर सरकारने शहरांच्या अनुदानाला कात्री लावली, तेव्हा लिव्हरपूलने जून १९८५ मध्ये जाणूनबुजून तुटीचा, बेकायदा अर्थसंकल्प मंजूर केला. पैसे संपणार हे दिसू लागल्यावर सप्टेंबरमध्ये महापालिकेने आपल्याच ३१,००० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा काढल्या. हा फक्त कायदेशीर डावपेच आहे, ९० दिवसांची मुदत मिळवायची आहे, प्रत्यक्षात कुणाची नोकरी जाणार नाही, असं नेते सांगत होते. नोटिसा वाटायला कामगार प्रतिनिधी तयार होईनात. मग टॅक्सी भाड्याने घेतल्या गेल्या.

किनॉक या मुद्द्यावर एकदम आले नाहीत. भाषण लांबलचक होतं आणि त्यातला मोठा वाटा सरकारवरच्या टीकेचा होता. सभागृह खूश होतं. मग चाल बदलते. आवाज खाली येतो, आणि ते प्रतिनिधींना म्हणतात की तुम्ही लोकांमधलेच आहात, लोक ज्या वास्तवात राहतात त्यातच तुम्ही राहता, तेव्हा अशक्य आश्वासनांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मग येतं ते वाक्य. त्याचा आशय मराठीत साधारण असा: सुरुवात होते आवाक्याबाहेरच्या ठरावांनी, मग ते मुरवून त्यांची ताठर पोथी होते, ती पोथी कालबाह्य, गैरलागू झाली तरी वर्षानुवर्षं कवटाळून बसायचं, आणि शेवटी काय बघायला मिळतं, तर मजूर पक्षाची महापालिका, मजूर पक्षाची महापालिका, टॅक्सी भाड्याने घेऊन शहरभर धावते आहे आणि आपल्याच कामगारांच्या हातात नोटिसा देते आहे.

हे वाक्य मराठीत आणताना तीन जागी अडलो. त्या तीन जागांमुळेच मला त्याची घडण कळली.

पहिली जागा मुरण्याची. मूळ इंग्रजीत ठरावांचं ‘पिकल’ होतं. आपल्याकडे लोणचं मुरलं की ते चांगलं. मुरलेला कार्यकर्ता म्हणजे कसलेला कार्यकर्ता. तिथल्या शब्दात व्हिनेगरची बरणी आहे. तिच्यातली वस्तू कुजत नाही, पण जिवंतही राहत नाही. रंग उडालेली, आंबट, ताठ अशी फळीवर बसून राहते. किनॉक यांनी इथे विचारधारेला शिवी दिलेली नाही. ती बरणी स्वयंपाकघरातली आहे, आणि वेल्सच्या खाणकामगाराच्या या मुलाला सभागृहातल्या प्रत्येकाचं स्वयंपाकघर ठाऊक होतं.

दुसरी जागा ‘धावते आहे’. मूळ क्रियापद खेकड्याचं, उंदराचं आहे: अंग चोरून, घाईघाईत, कुणी पाहील या भीतीने सटकणं. क्रांतीची भाषा बोलणारे लोक एका क्रियापदात किती लहान होऊन गेले! त्याच इंग्रजी शब्दाला दुसराही अर्थ आहे, आपल्याच जहाजाच्या तळाला भोक पाडून ते बुडवणं. लिव्हरपूल हे बंदर. हा अर्थ किनॉक यांच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. पण आपल्या काव्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात तो वक्त्याची परवानगी मागत नाही, आणि मला तो इथे स्पष्ट ऐकू येतो.

तिसरी जागा सगळ्यात अवघड, वाक्याचा शेवट. इंग्रजी वाक्य ‘कामगार’ या शब्दावर येऊन थांबतं. ठराव, पोथी, वर्षं, गोंधळ, महापालिका, टॅक्सी, नोटिसा अशा पायऱ्या उतरत आपण तळाशी पोहोचतो, तर तिथे माणूस उभा आहे, हातात नोटीस घेऊन. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे माणूस मध्येच कुठेतरी हरवतो. मी पाच-सहा वेळा वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. मूळचा तो धक्का उतरला नाही. पण एका बाबतीत आपली भाषा त्यांच्या पुढे जाते. त्या पक्षाला आपण मजूर पक्ष म्हणत आलो आहोत. ‘मजूर पक्षाची महापालिका आपल्याच मजुरांना काढते’ असं म्हटलं तर किनॉक यांना जे आवाजातून सुचवावं लागलं ते शब्दातच उघडं पडतं. म्हणूनच मी ‘कामगार’ ठेवला. उघडं पडलेलं ते वाक्य घोषणा होऊन बसतं. मूळ वाक्य घोषणा नाही.

आणि ती द्विरुक्ती! ‘मजूर पक्षाची महापालिका’ हे शब्द पहिल्यांदा येतात ते माहिती म्हणून. दुसऱ्यांदा तेच शब्द येतात तेव्हा त्यांत अविश्वास आहे, संताप आहे, आणि मला सर्वांत जास्त जाणवते ती लाज. ख्यालात गवई तेच बोल पुन्हा घेतो, अक्षर बदलत नाही, स्वराचा लगाव बदलतो आणि आधी न दिसलेला अर्थ वर येतो, तसं हे आहे. शिवाय या वाक्यात लिव्हरपूलचं नाव नाही, मिलिटंटचं नाही, हॅटनचं नाही. फक्त ‘एका शहरात’. नाव घेतलं असतं तर भांडण व्यक्तीचं झालं असतं. नाव न घेतल्यामुळे पक्षाचं नावच आरोपीच्या जागी उभं राहिलं.

यानंतर सभागृह बोलू लागतं, आणि माझ्या मते इथूनच भाषण पूर्ण होतं. टाळ्यांचा कडकडाट आणि हुर्यो एकाच वेळी. हॅटन उभे राहून ‘खोटारडा’ असं ओरडतायत. लिव्हरपूलचे जुने खासदार एरिक हेफर कार्यकारिणीचे सदस्य म्हणून व्यासपीठावरच बसले होते. ते उठले, पायऱ्या उतरले आणि कॅमेऱ्यांच्या गराड्यातून चालू लागले. लिहून आणलेलं भाषण अशा क्षणी मोडून पडतं. किनॉक यांचं आणखी धारदार झालं. मी सांगतोय आणि तुम्ही ऐकणार आहात, असं बजावून त्यांनी बोट रोखलं: लोकांच्या नोकऱ्या, लोकांच्या सेवा, लोकांची घरं यांच्याशी राजकारणाचा खेळ खेळता येणार नाही. इथे जमलेल्या साऱ्या हुर्योपेक्षा खऱ्या गरजा असलेल्या खऱ्या लोकांचा आवाज मोठा आहे, हेही त्यांनी सुनावलं. म्हणजे समोरच्या आवाजालाच त्यांनी आपला पुरावा करून टाकलं. ज्याने घरात कामावरून काढल्याची नोटीस आलेली पाहिली आहे, पाकीट उघडणाऱ्याचा चेहरा पाहिला आहे, त्याला ‘डावपेच’ हा शब्द त्या क्षणी किती हलका वाटला असेल!

लिव्हरपूलची बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नव्हती. त्या महापालिकेने काही वर्षांत सुमारे ५,००० घरं बांधली. शहर बेकारीने पोखरलं होतं आणि सरकारचं धोरण कठोर होतं. किनॉक यांच्या वाक्यात ती घरं नाहीत, आणि हे या भाषणातलं उणं आहे असं मला वाटतं. विरोधकाच्या चांगल्या कामाचा एक शब्द त्यात असता, तर वार आणखी खोल गेला असता.

या परंपरेतली दुसरी भाषणंही आठवतात. ५ ऑक्टोबर १९६० रोजी स्कारबरोला ह्यू गेटस्केल एकतर्फी अण्वस्त्रत्यागाच्या विरुद्ध बोलले. संघटनांची मतं आधीच बांधली गेली होती, हार ठरलेली होती. आपलं ज्या पक्षावर प्रेम आहे तो वाचवण्यासाठी आपण लढू, लढू आणि पुन्हा लढू, असं हरत असताना सांगायला लागणारं धैर्य मोठंच. पुढच्या वर्षी ब्लॅकपूलला अधिवेशनाने तो निर्णय फिरवला. त्याच गेटस्केल यांनी १९६२ मध्ये ब्रायटनला युरोपच्या सामायिक बाजाराविरुद्ध भाषण केलं, तेव्हा सभागृह डोक्यावर घेऊन नाचलं. पण टाळ्या वाजवणारे सगळे चुकीचे लोक आहेत, असं त्यांच्या पत्नी डोरा म्हणाल्या. अधिवेशनातल्या टाळ्यांचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. आणि १९७६ सालचे डेनिस हीली! पौंड घसरत होता, परदेशी निघालेले अर्थमंत्री विमानतळावरून परत फिरले आणि नंतर ब्लॅकपूलला आले. ते कार्यकारिणीचे सदस्य नव्हते, म्हणून देशाच्या अर्थमंत्र्याला सामान्य प्रतिनिधीसारखं खालून बोलावं लागलं, आणि वेळ मिळाला पाच मिनिटं. हुर्योमध्ये ते बोलले. तो नियम मला फार आवडतो.

पुढे ही जागा आक्रसत गेली. गठ्ठा मतांचं वजन कमी झालं, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर चर्चाही आखीव झाली, दूरचित्रवाणीला शोभेल अशी. २००५ मध्ये ब्रायटनला परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराकबद्दल बोलत असताना वॉल्टर वुल्फगँग नावाच्या ८२ वर्षांच्या जुन्या सभासदाने एक निषेधाचा शब्द उच्चारला, तर रखवालदारांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. बोर्नमथला हॅटन ओरडले तेव्हा त्यांना कुणी उचललं नव्हतं. त्यांच्या ओरडण्यावर किनॉक यांना उत्तर द्यावं लागलं, आणि ते उत्तर चाळीस वर्षं टिकलं.

किनॉक पंतप्रधान कधीच झाले नाहीत. १९८७ आणि १९९२ या दोन्ही निवडणुका पक्ष हरला. लिव्हरपूलच्या ४७ नगरसेवकांवर दंड आणि अपात्रता आली, हॅटन यांची १९८६ मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे. मला मात्र त्याच अधिवेशनातला पुढचा एक प्रसंग या भाषणापासून तोडता येत नाही. लिव्हरपूलला पाठिंबा देणारा ठराव चर्चेला आला. कार्यकारिणीच्या वतीने बोलायला उभे राहिले शेफील्ड महापालिकेचे नेते डेव्हिड ब्लंकेट. ते जन्मापासून अंध. त्यांनी आपल्याच विचारांच्या माणसांना विनवलं की हिशेबाच्या वह्या आमच्यापुढे उघडा, आपण मिळून मार्ग काढू, फक्त हा ठराव मागे घ्या. डेरेक, एवढं कराल का, असं विचारत त्यांनी समोरच्या गलबल्याच्या दिशेने हात पुढे केला. हॅटन कुठे बसले आहेत ते त्यांना दिसत नव्हतं. हॅटन जागेवरून उठले, गर्दीतून वाट काढत मंचापर्यंत आले आणि त्यांनी ठराव मागे घेतला.