विकर-तपासण्यांची अचूकता : एक चिकित्सा

रक्तातील विकरांची, म्हणजे एन्झाइमची, तपासणी आज रोगनिदानातील नित्याची बाब झाली आहे. अहवालावर छापलेला आकडा रुग्णच नव्हे, तर विज्ञानाचे अध्यापकही निर्विवाद मानतात. प्रस्तुत लेखात या विश्वासाची चिकित्सा केली आहे.

ग्लुकोजचे प्रमाण मोजले जाते. विकराची मात्र क्रियाशीलता मोजतात. एसजीपीटीच्या तपासणीत ३४० नॅनोमीटरवर एनएडीएचचे शोषण किती वेगाने घटते, यावरून निष्कर्ष काढला जातो. तापमान किंवा अभिकर्मक बदलले की आकडाही बदलतो. विकर फारच वाढलेले असल्यास वाचनापूर्वीच एनएडीएच संपते आणि गंभीर यकृतदाहातही आकडा कमी दिसू शकतो. अशा वेळी नमुना विरल करून पुन्हा मोजावा लागतो. गगनबावड्यात घेतलेल्या रक्तातील तांबड्या पेशी कोल्हापूरला पोचेपर्यंत फुटल्या, तर एसजीओटी व एलडीएच खोटेच वाढतात.

लेव्ही व जेनिंग्ज यांनी १९५० साली मांडलेला नियंत्रण-आलेख आणि वेस्टगार्ड यांचे १९८१ चे नियम दैनंदिन विचलन दाखवतात. परंतु नियंत्रण-द्रव्याची अपेक्षित किंमत प्रयोगशाळेने स्वतःच्याच मापनांवरून ठरवली असेल, तर रोज सारखेच चुकणारे यंत्र आलेखावर निर्दोष ठरते. सातत्य म्हणजे अचूकता नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेसारख्या उपक्रमांत एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून तुलना होते, म्हणून त्यांचे महत्त्व मोठे. तथापि समान पद्धतीच्या गटाशी जुळणे हेही सत्याशी जुळणे नव्हे. अंतिम कसोटी संदर्भ-पद्धतीचीच. आंतरराष्ट्रीय महासंघाने ३७ अंश सेल्सिअसच्या अशा पद्धती २००२ साली प्रसिद्ध केल्या.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. क्षयरोगाच्या उपचारात एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या ३ पट झाल्यास व लक्षणे असल्यास, किंवा लक्षणांविना ५ पट झाल्यास, औषधे तात्पुरती थांबवतात. मर्यादा ४० असेल तर ३ पट म्हणजे १२०. ५५ असेल तर १६५. ही मर्यादा दुसऱ्याच पद्धतीवरून उचललेली असेल, तर लक्षणे असलेल्या रुग्णाच्या १४० या आकड्यावरून औषधे थांबवायची की चालू ठेवायची, हे छापील मर्यादेवर ठरेल.

भारतात प्रयोगशाळांचे एनएबीएल मानांकन ऐच्छिक आहे. तरीही मापन-पद्धती, तापमान व मर्यादेचा आधार अहवालावर छापणे प्रत्येक प्रयोगशाळेस शक्य आहे. आपल्या महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतही अपेक्षित उत्तराशी जुळलेल्या आकड्याला गुण देण्याऐवजी, त्यातील चूक शोधणाऱ्या विद्यार्थ्याला गुण द्यावेत. उद्याचा तंत्रज्ञ तेथेच घडतो.