कोलंबियाची डिस्क आणि आपली डिस्क : एका लाडक्या गोष्टीची चिकित्सा

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. अंतराळयान जळून कोसळलं, त्यातली एक हार्ड डिस्क सहा महिन्यांनी सापडली, तिच्यातलं सगळं प्लॅस्टिक वितळलेलं होतं, तरीही ९९ टक्के डेटा परत मिळाला. ‘मग तुझा साधा लॅपटॉप बंद पडलाय, एवढं काय घाबरतोस?’ हे वाक्य गोष्टीच्या शेवटी ठरलेलं.

गोष्ट खरी आहे. पण तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. तुम्ही उद्या स्वतःचा डेटा गोळा करणार आहात, म्हणून एखाद्या शोधनिबंधाकडे बघावं तसं या गोष्टीकडे बघू या.

आधी प्रयोग काय होता ते बघा

गोष्ट सांगणारे डिस्कपाशीच थांबतात. तिच्यात होतं काय, हे कुणी सांगत नाही. १६ जानेवारी २००३ ला निघालेल्या कोलंबिया यानावर झेनॉन वायूचा एक प्रयोग होता, सीव्हीएक्स-२. टोमॅटो सॉस बाटलीत घट्ट बसून राहतो आणि जोरात हलवला की पातळ होऊन वाहतो. रंगाचंही तसंच. गुंतागुंतीच्या द्रवांमध्ये हे नेहमी दिसतं. झेनॉनसारख्या एकेका अणूच्या साध्या पदार्थात असं घडेल का? क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ घडावं, असं सिद्धांत सांगत होता. पण जमिनीवर ते मोजायला गेलं की गुरुत्वाकर्षण आडवं येतं. क्रांतिक बिंदूजवळचा पदार्थ इतका दाबक्षम होतो की स्वतःच्याच वजनाने खाली दाट आणि वर विरळ होतो. म्हणून प्रयोग अंतराळात.

१ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. पुढे अवशेषांमध्ये, एका कोरड्या पडलेल्या तलावात ही डिस्क मिळाली. डेटा परत मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंपनीने तिच्या तबकड्या काढून स्वच्छ केल्या, नव्या यंत्रणेवर बसवल्या आणि वाचल्या. रॉबर्ट बर्ग, मायकेल मोल्डोव्हर आणि सहकाऱ्यांचा निबंध २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ मध्ये छापून आला. झेनॉनही सॉससारखा वागतो, हे त्यातून दिसलं.

आता चिकित्सा

पहिला प्रश्न भाजकाचा. ९९ टक्के कशाचे? त्या एका डिस्कवरच्या डेटाचे. यानातल्या आणखी दोन डिस्क त्याच तंत्रज्ञांकडे गेल्या होत्या आणि त्यांतून कामाचं काहीच निघालं नाही. म्हणजे डिस्क मोजल्या तर तीनपैकी एक. गोष्ट मात्र एकाचीच सांगितली जाते, कारण उरलेल्या दोघींना सांगण्यासारखं काही नाही. संख्याशास्त्रात याला टिकलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात. तुमच्या विभागातही असंच असतं. ज्याचा डेटा परत मिळाला तो चहाच्या टपरीवर सांगतो, ज्याचा गेला तो गप्प राहतो. कधीकधी तर विषयच बदलून घेतो.

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. ती डिस्क अर्धीच भरलेली होती आणि संगणक जुन्या डॉसवर चालत होता. डॉसने डेटा डिस्कभर विखरून ठेवला नव्हता, तो सलग होता. नुकसान झालं ते मुख्यतः रिकाम्या भागाचं. हे नशीब आहे, यातून नियम निघत नाही.

तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरणारी तबकडीच नाही, एसएसडी आहे. तिथे फाइल डिलीट केली की ‘ट्रिम’ नावाची आज्ञा जाते, आणि एसएसडी ती जागा आपल्या सवडीने कायमची मोकळी करते. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर लावून उपयोग नाही. काही पातळ लॅपटॉपांत तर एसएसडी मदरबोर्डलाच जोडलेली असते, वेगळी काढताच येत नाही. शिवाय नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड जळाला आणि ४८ अंकी रिकव्हरी की जवळ नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही तुमच्यासाठी ती दगडच. आज हा लेख बाजूला ठेवून एकच काम करायचं असेल, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न वेळेचा. उड्डाण २००३ चं, निबंध २००८ चा. मधली सगळी वर्षं डिस्कपायी गेली असं मी म्हणणार नाही. पण तुमची फेलोशिपच जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, हे लक्षात ठेवा.

‘डिस्क जाण्याआधी इशारा देतेच की,’ असं म्हणणारे पण भेटतील. याचं उत्तरही आकड्यांत आहे. गूगलच्या पिनहेरो, वेबर आणि बरोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. बिघाडाची सूचना देणारे चार सगळ्यात भरवशाचे संकेत त्यांनी तपासले. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी त्यांतला एकही संकेत दिला नव्हता. याच निबंधात तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा कमी दिसला, म्हणून ‘उन्हाने डिस्कला काही होत नाही’ असंही सांगितलं जातं. पण तो अभ्यास डेटा सेंटरमधल्या डिस्कचा आहे. मे महिन्यात भंडाऱ्याच्या स्टँडवर, पाठीवरच्या बॅगेत तापणारा लॅपटॉप त्या नमुन्यात नव्हता. निष्कर्ष नमुन्याच्या बाहेर ओढायचा नसतो, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो आणि इथेच विसरतो.

मग गोष्टीतलं काय ठेवायचं?

एक गोष्ट नक्की ठेवायची. यंत्र मेलं म्हणजे डेटा मेला असं नाही. लॅपटॉप सुरू होत नाही याचं कारण बॅटरी, चार्जिंगचा भाग, स्क्रीन किंवा मदरबोर्ड यांपैकी काहीही असू शकतं. तेव्हा डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावली की पुष्कळदा सगळं जसंच्या तसं दिसतं.

डिस्क दिसते पण वाचताना अडखळते, तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग शोधाशोध त्या नकलेवर करायची. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठीच आहे. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब भागाची नोंद ठेवतं आणि तिकडे शेवटी वळतं. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवतो, तसंच. नंतर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक वापरा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल, तर ‘नाही’ म्हणा.

फिरणाऱ्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि थांबा. वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तिथे धुळीचा कण म्हणजे धोंडाच. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला तर ऐकूच नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. अशी डिस्क धूळमुक्त खोलीतच उघडावी लागते. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूर आहे, पण तिथेही दुकानात शिरताच दोन प्रश्न विचारा : धूळमुक्त खोली तुमच्याकडे आहे का? आणि मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही ना?

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. कोलंबियाच्या डिस्कवर इतके कष्ट घेतले गेले, कारण तो प्रयोग पुन्हा करता येणार नव्हता. आपण समजतो की आपलं काम तसं नाही. पण आपल्या जिल्ह्यातले बरेच विषय तसेच आहेत. खरिपातल्या धानाच्या नोंदी, माजी मालगुजारी तलावांच्या पाण्याचे नमुने, एखाद्या गावातल्या म्हातारीची मुलाखत. गेल्या पावसाळ्यातलं पाणी परत येत नाही आणि म्हातारी दरवर्षी असेलच असं नाही. लॅपटॉप पन्नास हजारांत नवा मिळतो, तो हंगाम मिळत नाही.

म्हणून ती गोष्ट सांगायचीच असेल तर तिन्ही डिस्कची सांगा. आणि विषय ठरवताना मार्गदर्शकांना साधनसामग्रीबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा : या डेटाच्या तीन प्रती कुठे ठेवायच्या, आणि त्यांतली भंडाऱ्याबाहेरची कोणती?